उजव्या कानातली कुडी

३ जून, सोमवार

धाकटे,

अक्षर ओळखलं असशीलच. पाकीट फाडून टाकण्याआधी एवढं वाच की कुणी आजारी नाही, कुणी गेलं नाही आणि मला काही मागायचं नाही. सहा वर्षांनी लिहिते आहे ते तुझ्या लेकीमुळे.

भिंगरीचा मला निरोप आला. आमच्या कंपनीला चाळीस वर्षं झाली म्हणून जुन्या लोकांचे फोटो काढून वेबसाइटवर टाकलेत. त्यात मी आहे, करड्या शर्टात, डोक्याला हेडफोन, उजव्या कानात आईची कुडी. हिने तो कुठून शोधून काढला देव जाणे. लिहिते, "मावशी, कसली भारी दिसतेस! मला पण नोकरी लागली. आजीचं काहीतरी रोज ऑफिसला घालायचंय, पण मी घातलं की नाटकातली वाटते. तू कसं घालतेस ते सांग ना."

तिला सरळ उत्तर देता आलं असतं. पण तुझ्या पाठीमागे तुझ्या लेकीशी बोलणं मला पटत नाही. म्हणून तुला लिहिते. तिला वाचून दाखव, नाहीतर केराच्या टोपलीत टाक.

खरं सांगायचं तर मी ठरवून काहीच केलं नाही. मी अजून तिथेच आहे, लिफ्टच्या कंपनीत. लिफ्ट अडकली की आतला माणूस तांबडं बटण दाबतो आणि इकडे मी उचलते. "घाबरू नका. दार ओढू नका. माणूस निघालाय." ही तीन वाक्यं मी एकवीस वर्षं बोलते आहे. आता झोपेतून उठवलं तरी हीच बोलेन. आमच्या हेडफोनला एकाच बाजूला कप असतो, तो डाव्या कानावर बसतो. उजवा कान रिकामा राहतो आणि माझ्या वाट्याला कुडी एकच आलेली, तीही उजवी. जमून गेलं. आमच्याकडच्या नव्या मुली म्हणतात, "मॅडम, एकाच कानात घालायची, काय सुचतं हो तुम्हाला!" सुचतं कसलं डोंबल, दोन बहिणींचा हट्ट आहे तो, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

आपण जोड्या फोडल्या हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. कुडी एक तुला, एक मला. बुगडी एक तुला, एक मला. पाटली एक तुला, एक मला. लोक मोजेसुद्धा असे वाटून घेत नाहीत.

तर भिंगरीला सांग. एका वेळी एकच दागिना. आपण कामाला जातो, मिरवायला नाही. कपडा साधा हवा: पांढरा, करडा, विटका निळा. फुलाफुलांच्या शर्टावर आजीचं सोनं बिचारं हरवून जातं. पाटली माऊस धरायच्या हातात नको, दिवसभर टेबलावर खडखड होते आणि शेजारची मान वळवून बघते. ती दुसऱ्या हातात, बाही दोनदा दुमडून दुमडीच्या खाली. बुगडी वरच्या कानात टोचायला आता कुणाचे कान तयार नसतात. मी ती शर्टाच्या सगळ्यात वरच्या काजात बसवते. बटण उघडं ठेवायचं आणि त्या काजातून बुगडीची दांडी घ्यायची, म्हणजे कापडाला भोक पडत नाही. बोरमाळ कॉलरच्या आतून, निम्मी दिसेल अशी. आणि मोती असतील तर ते सगळ्यात शेवटी घालायचे, सगळ्यात आधी काढायचे. अत्तर, स्प्रे जे काय मारायचं ते आधी. नाहीतर मोती पिवळे पडतात.

एक राहिलं. तिने लिहिलंय की आजीची दुसरी कुडी तुझ्याकडे आहे, पण मागची फिरकी हरवल्यामुळे ती कपाटातच पडून असते. सोनार नवी फिरकी करून देतो. फार वेळ लागत नाही त्याला.

थकले आता. सकाळपासून सतरा लिफ्टा अडकल्या.

ताई


११ जून, मंगळवार

धाकटे,

तुझं उत्तर नाही. येईल अशी आशा होती असंही नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि आपण दोघी एकाच सुंभाच्या.

तरी लिहिते, कारण काल एक झालं.

काल दुपारी एक निवृत्त शिक्षिका तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकल्या होत्या. एकट्या. घाबरल्या नव्हत्या, उलट मलाच झापत होत्या, "तुमचा माणूस निघालाय म्हणजे नक्की कुठून निघालाय?" मी मान हलवून हसले आणि कानातली कुडी टपकन खाली पडली. ती अलीकडे सैलच झाली होती. फिरकी कितीही आवळली तरी दुपारपर्यंत ढिली व्हायची, मी सवयीने दर तासाला आवळत असे. काल विसरले.

मला फोन सोडून उठता येईना. बाई आत एकट्या, त्यांच्याशी बोलत राहायला हवं. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरची मुलगी खाली वाकली. गुडघ्यांवर, माझ्या खुर्चीखाली, मोबाइलचा उजेड पाडत. नवी कोरी विजार घालून आली होती. "सापडेल मॅडम, सापडेल," म्हणत होती. मी वरून तिच्या डोक्याकडे बघत होते आणि कानात बाई विचारत होत्या, "आहात ना तुम्ही? बोला ना."

मला कुणाची आठवण आली असेल ते तू ओळखलंच असशील. मला तिथे बसवेना.

कुडी खुर्चीच्या चाकाशी सापडली, फिरकी केबलच्या गुंत्यात. मोती सातही शाबूत. आज सुट्टी टाकून सोनाराकडे गेले. म्हातारा आहे, डोळ्याला भिंग लावून बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "बाई, ही फिरकी हिची नाही."

मी म्हटलं, "असं कसं? एकाच जोडातली आहे."

"जोडातलीच आहे, पण दुसऱ्या कुडीची. हे हाताने पाडलेले आटे आहेत. आताच्यासारखे यंत्रावरचे नाहीत. प्रत्येक दांडीचे आटे वेगळे, जिची फिरकी तिलाच बसते. दुसरीला लावली तर फिरते, पण धरत नाही." मग भिंग काढून विचारलं, "दुसरी कुडी कुठाय?"

"बहिणीकडे."

"जोड फोडलात?" म्हातारा म्हणाला. "कान दोन आहेत म्हणून कुड्या दोन करतात हो. बरं, हिची फिरकी त्यांच्याकडे असेल. बदलून घ्या, झालं."

मी मान हलवली आणि घरी आले.

घरी येऊन जुना डबा उघडला. तळाशी एक फिरकी आहे. माझ्या कुडीला लावून बघितली, अशी बसली की हलता हलेना. म्हणजे सहा वर्षं मी तुझी फिरकी कानामागे आवळत होते आणि माझी डब्यात पडून होती. वाटपाच्या गडबडीत तुझी चुकून माझ्या डब्यात आली असावी. पाठवून देईन.

ताई


१५ जून, शनिवार

धाकटे,

मागचं पत्र टाकलं आणि चार दिवस मला धड जेवण गेलेलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

आज भिंगरीचा पुन्हा निरोप आला. तुला दाखवलाही नसेल. लिहिते, "मावशी, तुझं पत्र आईने मला वाचून दाखवलं. बुगडीची आयडिया जबरी. पण कुडीचं नाव काढलं की आई स्वतःलाच बोल लावते. म्हणते, माझ्याच हातून फिरकी हरवली, मी वेंधळीच, माझ्याकडे काही टिकत नाही. मी पण तिला लहानपणापासून वेंधळाबाईच म्हणते. आता जरा वाईट वाटतं."

धाकटे, चुकून आली नव्हती. मी घेतली होती.

आता सगळं सांगते, मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही.

आईच्या पलंगावर आपण दोघी समोरासमोर बसलो होतो. मध्ये डबा. तू म्हणालीस, "बाकी सगळं तू घे ताई, कुड्या मला दे. आईने मला कबूल केल्या होत्या." मला आतून पेटल्यासारखं झालं. दोन वर्षं मी आईचं सगळं केलं होतं. अंथरूण, आंघोळ, औषधं, आणि हे सगळं करून सकाळी सातला हेडफोन डोक्यावर. तू फोनवरून विचारायचीस, "फिजिओला बोलावलंस का? पाठीला तेल लावतेस का?" उंटावरून शेळ्या हाकणं मला तेव्हा इतकं झोंबायचं की फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायचे. आणि ज्या कुड्या मी रोज तिच्या कानातून काढून पुसून पुन्हा घालत होते, त्या तुला कबूल केलेल्या! मला तिने एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

म्हणून मी म्हटलं, "मग एकेक घेऊ." थट्टेनेच म्हटलं होतं. तू म्हणशील काहीतरीच काय, आणि आपण हसू, असं वाटलं होतं. तू म्हणालीस, "बरं. एकेक." आणि बुगडी उचलून एक माझ्याकडे सरकवलीस, एक स्वतःकडे. मग दोघींपैकी एकीलाही थांबता येईना.

कुड्यांच्या फिरक्या काढून चादरीवर ठेवल्या होत्या. एक घरंगळली. तू पाण्याचा पेला ठेवायला वळलीस तेवढ्यात मी तिच्यावर अंगठा ठेवला. बस, एवढंच. पुढे काय करायचं ते मनात नव्हतं. तू वळलीस, म्हणालीस, "अगं, एक फिरकी कुठे गेली?" आणि मी, मोठी बहीण, तोंड वर करून म्हणाले, "बघ, पाडलीस ना? आई म्हणायची ते काय खोटं?"

मग तू पलंगाखाली शिरलीस. बॅटरी मी धरली होती. एका हाताने मी तुला उजेड दाखवत होते आणि दुसऱ्या हाताखाली तुझी फिरकी होती. वर आईचीच म्हण ऐकवली, काखेत कळसा आणि गावाला वळसा. किती वेळ शोधत होतीस कोण जाणे. उठलीस तेव्हा केसांना धूळ लागली होती आणि डोळे भरले होते. म्हणालीस, "जाऊ दे ताई. माझं नशीबच असं." आणि संध्याकाळच्या गाडीने गेलीस. मागाहून मी दोन्ही फिरक्या एकाच डब्यात टाकल्या आणि हाताला आली ती माझ्या कुडीला लावली.

तुला कुडी घालता येत नसेल, या विचाराने मला बरं वाटायचं. हे लिहायला लाज वाटते पण खरं आहे. पहिलं वर्षभर बरं वाटलं. मग काहीच वाटेना. मग मी सकाळी आरशासमोर कुडी घालताना आरशात बघणं सोडलं. अंदाजानेच घालते. ऑफिसात सगळे म्हणतात किती शोभते, आणि मला प्रत्येक वेळी पलंगाखालची धूळ आठवते.

सबबी खूप आहेत माझ्याकडे. थकले होते, एकटी होते, आई नुकतीच गेली होती. सगळ्या खऱ्या आहेत आणि एकही पुरत नाही. तुला लहानपणापासून वेंधळी म्हणणाऱ्यांत मी पहिली. तुझ्या हातून पेन, छत्र्या, डबे हरवले, कबूल. पण ही गोष्ट तुझ्या हातून हरवली नव्हती, आणि हे जगात एकट्या मला माहीत होतं.

तुझी फिरकी या पत्रासोबत आहे. नव्या शर्टासोबत जास्तीचं बटण एका छोट्या पाकिटात येतं ना, त्यात घालून कागदाला चिकटपट्टीने लावली आहे. चिकटपट्टी हळू काढ. तुझ्या डाव्या कुडीला ती बसेल आणि धरेल.

माफ कर म्हणायला तोंड नाही. तरी म्हणते.

ताई


२ जुलै, मंगळवार

धाकटे,

तुझं पत्र आलं. ऑफिसच्या पत्त्यावर आलं, म्हणून चहाच्या वेळेत जिन्यात बसून वाचलं. चारच ओळी, आणि त्याही माझ्यासारख्या पाल्हाळ न लावता. मी त्या इतक्यांदा वाचल्यात की पाठ झाल्या. लिहितेस:

"मला तेव्हाच दिसलं होतं. वाकताना तुझा हात दिसला. इतका दाबला होतास की अंगठा पांढरा पडला होता. म्हटलं शोधत राहते, शोधता शोधता तरी ताई देईल. नाही दिलीस. राग आला आणि राहिला. पण फिरकी तुझ्याकडे होती, म्हणजे हरवली नव्हती, एवढं मला माहीत होतं. भिंगरीला तू सांग. मी सांगणार नाही."

जिन्यात आमची सफाईवाली पुसत पुसत वर येत होती. म्हणाली, "काय हो बाई, वाईट खबर आहे का?" मी म्हटलं, "नाही हो, बरी आहे." आणि रडत बसले. तिने माझी पायरी तेवढी सोडली आणि पुढची पुसली.

तू सहा वर्षं पोटच्या पोरीकडून वेंधळी म्हणवून घेतलंस. एकदा सांगितलं असतंस, "तुझ्या मावशीने घेतली," तर मी तिच्या मनातून उतरले असते आणि तू मोकळी झाली असतीस. नाही सांगितलंस. आणि मी इकडे समजत होते की तुझा माझ्यावर काही जीवच उरला नाही.

भिंगरीला मी त्याच दिवशी फोन केला. लिहून कळवणं सोपं होतं म्हणून लिहिलं नाही. सगळं सांगितलं, बॅटरीसुद्धा. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे आई मला सगळं म्हणू देत होती? आणि तुला माहीत होतं?"

"तू काय म्हणतेस ते माहीत नव्हतं. पण ती वेंधळी नाही हे माहीत होतं."

"मी तिला लोकांसमोर म्हणायचे, मावशी. माझ्या मैत्रिणींसमोर."

मी म्हटलं, "चूक माझी आहे."

"ते मला कळलंय," ती म्हणाली आणि फोन ठेवला. बरोबर केलं. तुझीच लेक आहे.

त्यानंतर आठ दिवस काही नाही. मी रोज शिफ्टला गेले, लोकांना सांगितलं माणूस निघालाय. कान उघडा ठेवून गेले. कुडी डब्यात ठेवली होती. त्या शेजारच्या मुलीने विचारलं, "मॅडम, आज कुडी नाही?" म्हटलं, "जोडी तुटली होती ना, ती लावायची आहे." तिला काही कळलं नाही. मग तीन वाक्यांत सांगितलं. ती म्हणाली, "अय्या!" आणि मग, "माझी बहीण पण बोलत नाही माझ्याशी." तेवढ्यात तांबडा दिवा लागला, एक जण पार्किंगमध्ये अडकला होता.

काल भिंगरीने फोटो पाठवला. पांढरा शर्ट, सगळ्यात वरचं बटण उघडं, आणि डाव्या कानात तुझी कुडी. नाटकातली वाटत नाही मुळीच. कामाला निघालेली वाटते. खाली लिहिलंय, "घट्ट बसली. आई म्हणते उजवी पोस्टाने पाठवू नकोस, कानात घालून ये. मी अजून चिडलेय. पण ये."

मी उद्याच्या उद्या रजेचा अर्ज देणार आहे. साहेब म्हणेल, "तुम्ही? रजा?" म्हणू दे. शनिवारी सकाळच्या गाडीने निघते, दुपारी तुमच्याकडे. घ्यायला येऊ नकोस, पत्ता अजून पाठ आहे.

वाटेत कुडी कानातच असेल, आणि आता माझीच फिरकी असल्यामुळे ती पडायची नाही. दारात आले की काढून तुझ्या हातावर ठेवीन. भिंगरीला दोन्ही कधी द्यायच्या ते तू ठरव. तोवर तुझ्याकडे ठेव. कुठे ठेवलीस ते मी विचारणार नाही.

ताई